मोळी उचलल्यानंतर

दिवाळीची सुट्टी जवळ आली की घरोघर दोन याद्या होऊ लागतात. पहिली फराळाची, आणि ज्या घरांतून वाचनाची हौस अजून टिकून आहे तेथे दुसरी पुस्तकांची. ह्या दुसऱ्या यादीपाशी आले की पालक थबकतात आणि आम्हां शिक्षकांना विचारतात, "मुलांवर काही संस्कार होईल असे पुस्तक सुचवा." ह्या 'संस्कार' शब्दाच्या पोटात पुष्कळ काही मावते. अलीकडे त्यात एका मागणीची भर पडली आहे, आणि ती मला मोलाची वाटते. मुलाने जातपात मानू नये, दुसऱ्याचे दुःख त्याला आतून कळावे, असे एखादे पुस्तक, शक्य तर कादंबरी, त्यांना हवी असते. शाळेच्या कपाटासाठी पुस्तके निवडताना हाच प्रश्न दरवर्षी माझ्यापुढे उभा राहतो. आणि मी स्वतः कादंबऱ्या लिहीत असल्यामुळे तो मला दोन्ही बाजूंनी टोचतो. ह्या लेखात त्या निवडीचाच थोडा विचार करावयाचा आहे.

आमच्या परभणी जिल्ह्यात हा प्रश्न केवळ वाङ्मयीन राहत नाही. २७ जुलै १९७८ रोजी मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव विधिमंडळात संमत झाला आणि त्यानंतर मराठवाड्यातील गावोगावी दलित वस्त्यांवर जे गुदरले, ते आज शाळेत बसणाऱ्या मुलांच्या आजी-आजोबांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. नामविस्तार झाला तो १४ जानेवारी १९९४ रोजी; मध्ये सोळा वर्षे गेली. त्यालाही पुढे तीस वर्षे लोटली, आणि १० डिसेंबर २०२४ रोजी परभणी शहरात बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरील संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली, शहर धुमसले, अटकेत असलेल्या सोमनाथ सूर्यवंशी ह्या कायद्याच्या विद्यार्थ्याचा १५ डिसेंबरला मृत्यू झाला. अशा दिवसांनंतर मुले वर्गात येतात ती घरी ऐकलेले सारे दप्तरात घेऊन येतात. एका बाकावर बसणाऱ्या दोन मुलांनी दोन निराळ्या घरी दोन निराळ्या गोष्टी ऐकलेल्या असतात. त्या दोघांच्या मधोमध आपण कोणते पुस्तक ठेवणार आहोत, हे म्हणूनच नीट पाहून ठेवायला हवे.

दुसऱ्याच्या जागी आपण जाऊन पाहणे ह्याला आपल्याकडे एक जुना शब्द आहे : परकायाप्रवेश. शंकराचार्यांची आख्यायिका बहुतेकांना ठाऊक असते. मंडनमिश्रांच्या पत्नीशी वाद करताना संसाराच्या अनुभवाचे ज्ञान हवे म्हणून त्यांनी एका मृत राजाच्या देहात प्रवेश केला. ह्या गोष्टीतला पुढचा भाग मला अधिक अर्थपूर्ण वाटतो. आचार्यांचा मूळ देह शिष्यांनी गुहेत जपून ठेवलेला होता. आणि तेथे परत यावयाचे आहे ह्याची आठवण त्यांना शिष्यांनी करून द्यावी लागली. कादंबरी वाचणे हाही एक परकायाप्रवेशच. पण त्याची कसोटी लागते ती परतल्यावर. वाचक दुसऱ्याच्या देहातून आपल्या देहात, आपल्या घरात, आपल्या ओसरीवर परत येतो तेव्हा ती ओसरी त्याला निराळी दिसते की पूर्वीसारखीच? पूर्वीसारखीच दिसत असेल, तर त्याने प्रवास केला नाही, नुसते दृश्य पाहिले.

ही कसोटी घेऊन पहिल्यांदा ज्या पुस्तकाकडे जावे ते अर्थातच 'श्यामची आई'. मराठी घरात मुलाच्या हाती पडणाऱ्या पुस्तकांत त्याचा मान पहिला. साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. त्यातील एक प्रसंग पुष्कळांच्या स्मरणात असेल. एका म्हाताऱ्या महार बाईच्या डोक्यावरची लाकडांची मोळी खाली पडते. ती उचलून द्यायला कोणी पुढे होत नाही. श्यामची आई श्यामला सांगते, जा, तिला मोळी उचलून दे. श्याम जातो, मोळी उचलून देतो. ह्या प्रसंगाची गोडी इतकी आहे की कथाकथनाच्या कार्यक्रमांतून तो मी अनेकदा ऐकला आहे. मात्र मी ऐकलेल्या बहुतेक कथनांत गोष्ट येथेच थांबते. पुस्तकात ती थांबत नाही. मोळी उचलून दिल्यावर घरी येऊन आंघोळ कर, हेही आईनेच श्यामला सांगितलेले आहे.

ही आंघोळ आपण सांगताना गाळतो, ह्यात आपला स्वभाव दिसतो. साने गुरुजींनी ती गाळली नाही, ह्यात त्यांचा मोठेपणा दिसतो. त्या घरात, त्या काळी, त्या माउलीची करुणा जेथवर पोहोचली तेथवरच त्यांनी ती दाखवली. तिला पुढे ढकलून आपल्या आईला अधिक पुरोगामी करण्याचा मोह त्यांनी आवरला. आणि जो लेखक आईच्या आठवणीत ती आंघोळ लिहून ठेवतो, तोच १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे मंदिर हरिजनांना खुले व्हावे म्हणून प्राण पणाला लावून उपोषणाला बसतो. आईच्या हातून जे अर्धे राहिले ते लेकाने पुढे नेले, असे म्हणायला हरकत नाही. तेव्हा 'श्यामची आई' कपाटातून काढून टाकावी असे मी मुळीच म्हणत नाही. ती आंघोळीसकट वाचावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

आंघोळीसकट वाचली की काय होते? वर्गात हा उतारा वाचून झाल्यावर एकदा सहावीतल्या एका मुलीने विचारले, "बाई, मग त्या म्हातारीनं बी घरी जाऊन आंघोळ केली असंल का?" वर्ग हसला. ती मुलगी मात्र विनोद करीत नव्हती. श्यामच्या अंगाला म्हातारीचा स्पर्श लागला, तसा म्हातारीच्या अंगाला श्यामचाही लागलाच की! आजवर त्या प्रसंगातल्या पाण्याचा हिशेब आपण एकाच बाजूने मांडत आलो होतो. म्हातारी मोळी घेऊन कुठे गेली, तिचे घर कसे होते, चुलीपाशी बसून तिने सुनेला काय सांगितले, त्या पोराचे कौतुक केले की त्याच्या आईच्या हाकेतली ती दुसरी सूचना तिने ऐकली होती, हे पुस्तकाला ठाऊक नाही. ते त्याचे कामही नव्हे. ते श्यामचे पुस्तक आहे. परंतु ज्या कादंबरीच्या शोधात आपण आहोत ती नेमकी येथून, म्हातारीच्या पाठोपाठ तिच्या घराकडे निघालेली असली पाहिजे.

हा पेच एकट्या मराठीचा नाही. अमेरिकेत हॅरिएट बीचर स्टो ह्या गोऱ्या लेखिकेने १८५२ साली 'अंकल टॉम्स केबिन' लिहिली आणि गुलामांच्या दुःखाने लक्षावधी वाचकांना रडविले. पुढे १९६० साली हार्पर ली ह्यांची 'टु किल अ मॉकिंगबर्ड' आली आणि वर्णद्वेषाविषयी मुलांना शिकविण्याचे पुस्तक म्हणून तेथील शाळांत ती स्थिरावली. अलीकडे तेथील शिक्षकांत आणि वाचकांत तिच्याविषयी एक आक्षेप वारंवार घेतला जातो : खोट्या आरोपात सापडलेला माणूस काळा, पण गोष्ट मात्र त्याच्या गोऱ्या वकिलाच्या सज्जनपणाची. मरणारा मरतो आणि वाचक वकिलाच्या प्रेमात पडतो. कादंबरी म्हणून ती सुंदर आहे ह्यात वाद नाही. पण ती मिटल्यावर वाचक स्वतःला त्या वकिलाच्या ठिकाणी पाहतो. आरोपीच्या ठिकाणी नाही आणि न्यायासनापुढे बसलेल्या पंचांच्या ठिकाणी तर नाहीच नाही. आपल्या मोळीच्या गोष्टीत आपण सगळे श्याम होतो, तसेच हे.

महात्मा फुल्यांना अमेरिकेतील ह्या गोष्टीचे आपल्याशी असलेले नाते फार लवकर उमगले होते. १८७३ साली 'गुलामगिरी' त्यांनी अर्पण केली ती गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. परंतु त्याच्याही आधी, १८५५ साली, फुल्यांच्याच शाळेत शिकणाऱ्या मुक्ता ह्या मांग समाजातील शाळकरी मुलीने महार-मांगांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो 'ज्ञानोदया'त छापून आला. स्टोबाईंच्या कादंबरीनंतर अवघी तीन वर्षे झाली होती. तेथे एका दयाळू बाईने दुसऱ्यांचे दुःख सांगितले; येथे ज्यांचे दुःख त्यांच्यातल्याच एका मुलीने, विद्येच्या नव्या धारेने, सरळ जाब विचारला. आमच्या शाळांतून मुलांना निबंध शिकवताना हा निबंध प्रथम दाखवावा, असे मला नेहमी वाटते. लिहिणारी त्यांच्याच वयाची आहे, आणि ती दयेची याचना करीत नाही.

बाहेरून आत गेलेल्या लेखकांनी आपल्याकडे काही मोलाचे दिले नाही असे मात्र नाही. विभावरी शिरूरकरांची 'बळी' १९५० साली आली. १८७१ च्या कायद्याने गुन्हेगार ठरवलेल्या जमातींच्या सोलापूरच्या वसाहतीचे जीवन लेखिकेने जवळून पाहिलेले होते. जन्मतःच गुन्हेगार म्हणून कुंपणाआड टाकलेल्या माणसांवर, तो कायदा रद्द होण्याच्या दोन वर्षे आधी, एक सुशिक्षित मध्यमवर्गीय लेखिका कादंबरी लिहिते हे धैर्याचेच होते. तिच्यात पाझरणारी सहानुभूती खोटी नाही. तरीही 'बळी' वाचताना आपण कुंपणाच्या तारेला नाक लावून आत पाहत आहोत अशी जाणीव होते. शीर्षकच बघा : आतली माणसे बळी आहेत. बळी गेलेल्याविषयी हळहळता येते. त्याच्याशी मैत्री, भांडण, चेष्टा काही करता येत नाही. आणि मुलांच्या मनात समभाव उपजतो तो बहुधा ह्या तिन्हींतून.

तारेच्या आतून आवाज आला तो आत्मकथनांच्या रूपाने. त्यातली दोन तर आमच्या मराठवाड्याच्याच मातीतली. प्र. ई. सोनकांबळे ह्यांचे 'आठवणींचे पक्षी' १९७९ साली आले. आईबापांवाचून बहिणीच्या आश्रयाने वाढलेले पोर भुकेशी झटत शिकते आणि पुढे प्राध्यापक होते. ह्या पुस्तकात कांगावा नाही, आरडाओरड नाही. बोली आमची, इकडची. ती छापलेली पाहून आमच्या मुलांना प्रथम हसू येते आणि मग हायसे वाटते. दुसरे लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या', १९८७ चे. पुढच्याच वर्षी त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. त्यातील एक प्रसंग शिक्षकाने विसरू नये असा आहे. लक्ष्मण शाळेत जाऊ लागतो आणि वस्तीतल्या पोरांना हगवण-ओकारी लागते, तेव्हा ह्या पोराच्या शाळेमुळेच हे अरिष्ट आले असे खुद्द त्याच्याच समाजातले लोक म्हणतात. शाळा ही सर्वांना सारखीच उघडी असते असे समजणाऱ्या मुलाला ह्या एका प्रसंगाने जेवढे कळेल तेवढे दहा भाषणांनी कळणार नाही.

मग आत्मकथने एवढी समर्थ असताना कादंबरीच कशाला हवी, असे कोणी विचारील. ह्याचे उत्तर मला वर्गाने दिले. एका शिक्षकाने एका आत्मकथनातील भुकेचा उतारा फार तळमळीने वाचला. शेवटाला आले तेव्हा निम्म्या वर्गाच्या माना तिसऱ्या बाकाकडे वळल्या होत्या. तेथे बसलेल्या मुलाने दप्तरावर डोके टेकले होते. त्याला झोप आलेली नव्हती. आत्मकथन 'हे मी भोगले' असे सांगते, आणि तीच त्याची शक्ती. पण वर्गातल्या मुलांची नजर त्या 'मी'चा शोध घेत जवळच्या बाकावर येऊन थांबते. वाचणाऱ्यांच्या डोळ्यांत करुणा असली तरी ज्याच्यावर ती ओतली जाते त्याला ती सोसवतेच असे नाही. चाळीस जणांची दया एकट्याने झेलायला लावणे हाही एक छळच म्हणायचा. कादंबरीचे तसे नसते. कादंबरीतला माणूस कोणाच्याच बाकावर बसलेला नसतो, म्हणून तो सर्वांचा होऊ शकतो. कल्पिताचा हा आडोसा मुलांना फार उपयोगी पडतो. त्या आडोशाला दोन्ही मुले निर्धास्तपणे शेजारी बसू शकतात.

म्हणून पुस्तक निवडताना मी स्वतःपुरते दोन प्रश्न ठरवून घेतले आहेत. ज्या समाजाविषयी हे पुस्तक आहे त्या समाजातले मूल वाचून झाल्यावर मान वर करून वर्गाबाहेर जाईल का? आणि ज्याच्या घरात त्या समाजासाठी कपबशी वेगळी ठेवली जात होती, ते मूल आपल्या घराकडे नव्याने पाहील का? बहुतेक चांगली पुस्तके ह्यांतल्या एकाच प्रश्नाला होकार देतात. तेवढे तरी पुष्कळच.

पहिल्या प्रश्नाला अण्णा भाऊ साठ्यांच्या 'फकिरा'इतका खणखणीत होकार क्वचितच कोणी दिला असेल. ही कादंबरी १९५९ सालची. वि. स. खांडेकरांची तिला प्रस्तावना आहे, बाबासाहेबांच्या लेखणीला ती अर्पण केलेली आहे आणि १९६१ साली तिला राज्य शासनाचा पुरस्कार लाभला. लिहिणारा वाटेगावचा माणूस; शाळेत त्याचे पाय टिकले ते दीडच दिवस, असे सांगतात. दुष्काळाने माणसे पटापट मरत असताना मांगवाड्यातला फकिरा हात पसरीत नाही. तो धान्य लुटतो, खजिना लुटतो, वाटून टाकतो; आणि शेवटी आपल्या माणसांना सरकारने वेठीला धरल्यावर त्यांच्यासाठी स्वतःला स्वाधीन करतो. आठवीतली मुले ही कादंबरी अधाशासारखी वाचतात, कारण तिच्यात घोडा आहे, तलवार आहे, रात्रीची दौड आहे. आणि ती वाचताना मांगवाड्यातला मुलगा आणि पाटीलवाड्यातला मुलगा दोघेही फकिराच होतात. पाटलाच्या मुलाला आपण कोणाच्या कायेत शिरलो हे कळायच्या आत परकायाप्रवेश होऊन गेलेला असतो!

'फकिरा'तले दोष माझ्या नजरेआड नाहीत. तिच्यातली माणसे बरीचशी एकतर सोन्याची किंवा कोळशाची. वर्णनांना पोवाड्याचा तोरा आहे, आणि शाहिराच्या हातून तो यावा ह्यात नवल नाही. गावातला विष्णुपंत कुलकर्णी इतका सज्जन आहे, आणि सगळे पाप गोऱ्या सरकारच्या माथी इतके सहज जाते, की गावातल्या जातीच्या उतरंडीचा जाच मागे पडतो. शिक्षकाला हे सोयीचे असते, पालकाला तर त्याहून सोयीचे. परकीय सत्तेचा राग येण्यासाठी स्वतःच्या ओसरीकडे पाहावे लागत नाही. तेव्हा 'फकिरा' मानेच्या प्रश्नाला पुरी पडते. कपबशीच्या प्रश्नाला तिच्या सोबतीला दुसरे पुस्तक द्यावे लागते.

ते दुसरे पुस्तक मी बहुधा कथांतून घेते. बाबुराव बागुलांचा 'जेव्हा मी जात चोरली होती' हा संग्रह १९६३ सालचा. शीर्षककथेतला तरुण रेल्वेतल्या नोकरीसाठी परक्या गावी जातो, राहायला जागा मिळावी म्हणून जात लपवतो, आणि ती उघडी पडल्यावर मार खातो. ह्या कथेतला वाचकाला पिळून काढणारा भाग मारहाणीचा नव्हे. तो त्याच्या आधीचा आहे. हा बुद्धिमान, उमदा तरुण जेवतो, बोलतो, मित्र जोडतो, आणि प्रत्येक क्षणी आपले नाव उघडे पडेल ह्या धास्तीत असतो. ज्यांनी त्याला आदर दिला त्यांचा आदर खोटा नव्हता. तो फक्त जातीच्या कागदावर लिहिलेला होता. येथे मारणारे राक्षस नाहीत. काल प्रेमाने वागवणारी तीच माणसे आज हात उगारतात. नववी-दहावीच्या मुलांना मी ह्या कथेनंतर एकच प्रश्न विचारते : ती माणसे आदल्या दिवशी खोटी होती, की दुसऱ्या दिवशी? ह्यावर मुले तास संपला तरी भांडत राहतात, आणि त्या भांडणात कोणाच्याही माना तिसऱ्या बाकाकडे वळत नाहीत. त्या स्वतःकडे वळतात.

आणि म्हातारीचे घर? ते मला नामदेव कांबळे ह्यांच्या 'राघववेळ' ह्या कादंबरीत भेटले. कांबळे वाशीमचे. शाळेत पहारेकरी आणि नंतर शिक्षक, असा त्यांचा प्रवास. १९९५ साली ह्या कादंबरीला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. वालंबी ही मोलमजुरी करून लेकरे वाढवणारी दलित बाई तिच्या केंद्रस्थानी आहे. येथे तलवार नाही, लूट नाही. रोजचे काम आहे, रोजची भूक आहे, आणि लेकरांनी ताठ मानेने जगावे ही जिद्द आहे. गाव आपल्याला दिसते ते वालंबीच्या उंबऱ्यातून. मोळी डोक्यावर घेऊन गेलेली ती बाई घरी पोहोचल्यावर काय करते, काय बोलते, कशावर हसते, ह्याचे उत्तर द्यायला 'श्यामची आई' नंतर मराठीला इतकी वर्षे लागली! ही कादंबरी दहावीच्या आत मुलाने एकट्याने वाचावी असे मला वाटत नाही. तिची गती संथ आहे. घरातल्या मोठ्या माणसाने सोबत वाचावी.

राहता राहिला कपबशीचा प्रश्न कादंबरीच्या पूर्ण पटावर. अंगणातल्या वळचणीला खोचलेली ती कानतुटकी कपबशी आमच्या भागातल्या किती घरांनी पाहिली आहे! चहा वरून ओतला जायचा, पिणाऱ्याने कप स्वतः विसळून पुन्हा तेथेच खोचायचा. तो चहा देणारी बाई दुष्ट नव्हती. ती नातवंडांना जीव लावणारी, वारी करणारी, उपाशी आलेल्याला भाकर देणारी आजीच असायची. तिचे मन आणि तिचा तो हात एकाच देहात कसे नांदत होते, हे दाखवणारी आणि शाळकरी मुलाला देता येईल अशी कादंबरी मराठीत विरळा आहे. हमीद दलवाईंच्या 'इंधन' मध्ये १९६५ साली एक गाव असे आतून, स्वतःच्या माणसांना न सोडता तपासले गेले. पण तिचा विषय आणि त्यातले स्त्री-पुरुषसंबंध महाविद्यालयीन वयाचे. राजन गवसांच्या 'तणकट' मधले गावाचे राजकारण, किंवा आमच्याच परभणीच्या आसाराम लोमटे ह्यांच्या 'आलोक' मधल्या, २०१६ साली अकादमीने गौरवलेल्या कथा, ह्या वाटेवरच्याच आहेत. त्याही जाणत्या वाचकासाठी. अपमान सोसणाऱ्यांनी आपले लिहून ठेवले, आणि फार मोठी किंमत देऊन लिहिले. कपबशी ज्यांच्या वळचणीला होती त्या घरांतल्या लेखकांनी आपल्या आजीविषयी लिहायचे बाकी ठेवले आहे. कादंबरी लिहिणारी म्हणून ही बाकी मी माझ्याही खात्यावर मांडते.

एक शंका सुज्ञ वाचकांच्या मनात येईल. कादंबरीकडून असे काम करून घेणे योग्य का? कलेसाठी कला की जीवनासाठी कला, हा फडके-खांडेकरांच्या काळातला वाद पुन्हा कशाला उकरावा? माझा अनुभव असा की मुलांपुरता हा वाद आपोआप मिटतो. जी कादंबरी शिकवण्यासाठीच लिहिलेली असते ती मुले अर्ध्यावर टाकतात. तात्पर्याचा वास त्यांना आपल्याआधी येतो. 'फकिरा' ते वाचतात ती फकिराच्या ओढीने. बागुलांची कथा वाचतात ती 'आता पकडला जाणार!' ह्या धडधडीने. कलाकृती आधी कलाकृती म्हणून जिवंत असावी लागते, मगच ती काही शिकवते. आणि शिकवते तेही तात्पर्यातून नव्हे, माणसांतून. निवड करणाऱ्याने म्हणून प्रथम हे पाहावे की पुस्तक मिटवत नाही ना. आणि मग ते दोन प्रश्न विचारावेत.

आता घरोघरच्या आई-वडिलांना, आजी-आजोबांना एक विनंती. ह्या दिवाळीत 'श्यामची आई' पुन्हा वाचली जाईल, आणि मूल त्या आंघोळीपाशी थांबून विचारील, "असं का?" तेव्हा आपल्या तोंडी एक तयार उत्तर असते : "तेव्हा तसं होतं, बाळा." हे वाक्य दिसते साधे, पण ते मुलाला त्या गुहेतल्या देहाकडे परत येऊच देत नाही. तेव्हा म्हणजे केव्हा? अस्पृश्यता संविधानाने २६ जानेवारी १९५० ह्या दिवसापासून संपवली. मग वळचणीची कपबशी कोणत्या वर्षी काढली गेली, कोणी काढली, काढताना घरात कोण काय बोलले? आणि आज घरकाम करायला येणाऱ्या मावशींचा कप कोणत्या फडताळात असतो? हे मुलाला ठाऊक असावे. आणि सांगणारे माणूस घरात अजून बसलेले आहे तोवर ते विचारून घ्यावे.

गंगाखेड आमच्याच जिल्ह्यातले. तेथे जन्मलेल्या जनाबाईविषयी लोक सांगत आले आहेत की तिचा विठ्ठल तिला दळू लागायचा. दासीची कणव येऊन त्याने तिला वरून पसाभर पीठ दिले, असे कोणी सांगत नाही. जात्याच्या दुसऱ्या बाजूला बसून त्याने खुंट्याला हात घातला, आणि त्याच्याही अंगावर पीठ उडाले. मुलांच्या हाती पुस्तक देताना मला एवढेच पाहायचे असते की वाचणाऱ्याच्या अंगावर थोडे पीठ उडते का. ह्या सुट्टीत आठवीच्या मुलाला 'फकिरा' द्या, दहावीच्या मुलीला बागुल द्या, 'राघववेळ' तुम्ही स्वतः वाचायला घ्या. आणि वाचून झाल्यावर ते पीठ झटकायची घाई कोणी करू नये.